मान्यता नसलेल्या देशाची सुवर्णकन्या

भारत सरकारच्या लेखी कोसोवो नावाचा देश नाही. १७ फेब्रुवारी २००८ रोजी या प्रदेशाने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले, पुढे शंभरच्या आसपास देशांनी त्याला मान्यता दिली. दिल्लीने मात्र ती आजतागायत दिलेली नाही. दिल्लीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसलेल्या या देशाच्या नावावर ऑलिम्पिकची पाच पदके आहेत आणि त्यांपैकी तीन सुवर्ण आहेत. पाचही पदके ज्युदोमधली, पाचही महिलांनी मिळवलेली आणि पाचहींमागे प्रशिक्षक एकच. कोसोवोची लोकसंख्या सोळा-सतरा लाख, म्हणजे आपल्या नागपूर शहरापेक्षाही कमी. दीडशे कोटींच्या घरात पोहोचलेल्या भारताची ऑलिम्पिक ज्युदोतली पाटी अद्याप कोरी आहे.

अशा कहाण्या सांगताना जिद्द, चिकाटी हे शब्द आपल्याकडे फार स्वस्तात वापरले जातात. कोसोवोची पहिली ऑलिम्पिक विजेती मायलिंडा केल्मेंडी हिच्यापाशी जिद्द होतीच. पण तेवढीच जिद्द असलेल्या मुली मणिपुरात आहेत, हरियाणात आहेत आणि कोल्हापूरच्या तालमींतही आहेत. केल्मेंडीच्या वाटचालीत पाहण्याजोग्या गोष्टी वेगळ्या आहेत. तिला घडवले कशाने आणि वाटेत तिला अडवले कोणी, हे दोन प्रश्न तिच्या बाबतीत विचारले की उत्तरे थेट आपल्या दारापर्यंत येतात.

तिचा जन्म ९ मे १९९१चा, पेया या शहरातला. पश्चिम कोसोवोत डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाला सर्ब लोक पेच म्हणतात. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्राचीन पीठ याच गावाच्या वेशीवर आहे. गावाला दोन नावे आणि मातीवर दोघांचा दावा. कोसोवोचा सगळा तंटा एका गावात सामावलेला दिसतो. युगोस्लाव्हियाच्या सर्बिया प्रजासत्ताकात कोसोवोला जी स्वायत्तता होती ती १९८९ साली काढून घेण्यात आली. त्यानंतर अल्बेनियन भाषक बहुसंख्याकांना सरकारी नोकऱ्यांतून हुसकावण्यात आले, त्यांच्या शाळा खासगी घरांत भरू लागल्या. खेळातही हीच फाळणी झाली. अल्बेनियन खेळाडू युगोस्लाव्ह संघांतून बाहेर पडले.

बाहेर पडलेल्यांत द्रितोन कुका हा तरुण ज्युदोपटू होता. तो युगोस्लाव्हियाचा विजेता होता आणि १९९२च्या बार्सिलोना ऑलिम्पिकची स्वप्ने पाहत होता. ते ऑलिम्पिक त्याला मिळाले नाही. पुढची वर्षे त्या प्रदेशाची रणभूमी झाली आणि कुकाच्या हाती ज्युदोच्या पांढऱ्या पोशाखाऐवजी बंदूक आली. (त्याच बार्सिलोनात भारताच्या ज्युदो संघातून मुंबईचा कावस बिलिमोरिया उतरला होता. महिलांच्या ज्युदोला ऑलिम्पिकमध्ये पदकांचा दर्जा मिळाला तोही तिथेच. तिथे न पोहोचलेल्या माणसाच्या हातून पुढे महिलांची पाच पदके घडावीत, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.)

१९९९च्या वसंतात नाटोची विमाने सर्बियावर बॉम्ब टाकत होती आणि कोसोवोतून लाखो माणसे सरहद्द ओलांडून पळत होती. जूनमध्ये युद्ध थांबले तेव्हा पेयातली असंख्य घरे जळून गेलेली होती. त्याच वर्षी, त्याच गावात, आठ वर्षांची मायलिंडा कुकाच्या ज्युदो वर्गात दाखल झाली. सिनेमागृह, उद्यान, खेळाचे मैदान अशा शहरी चैनी तिथे नव्हत्या. मुलांना जायला एक जागा होती आणि तिथे त्यांची वाट पाहणारा एक माणूस होता.

ज्युदो ही मूळ जपानी विद्या. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापून ती शिकवायला आरंभ केला. या विद्येचा पहिला धडा प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा नसतो, स्वतः पडण्याचा असतो. त्याला ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची, पाठ गोल करायची, जमिनीला टेकण्याच्या क्षणी तळहाताने गादीवर सपकन थाप मारायची, म्हणजे आघात अंगभर विखुरतो आणि डोके वाचते. नवखी मुले आठवडेच्या आठवडे केवळ पडतात. आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला महिना-महिना नुसता आखाडा खणायला लावतो, जोर-बैठका काढायला लावतो, त्याचीच ही जात. कंटाळून निम्मी मुले गळतात. जी उरतात त्यांना पडण्याचे भय उरत नाही.

त्यापुढचा टप्पा अधिक खडतर, कारण ज्युदो एकट्याने शिकता येत नाही. धावपटू रस्त्यावर धावू शकतो, नेमबाज भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरू शकतो. ज्युदोपटूला मात्र पकडायला दुसऱ्याची कॉलर आणि बाही लागते. तीही एकाच माणसाची लागून भागत नाही. उंच, बुटके, डावखुरे, जमिनीवरच्या डावांत तरबेज, नुसते बचाव करणारे असे नाना तऱ्हेचे जोडीदार लागतात. जपान आणि फ्रान्स या खेळात पिढ्यानपिढ्या पुढे का, याचे एक साधे उत्तर तिथल्या सराव-सभागृहांतल्या गर्दीत आहे. पेयात गर्दी कुठून आणणार? त्यावर उपाय एकच, प्रवास. आणि कोसोवोचा पासपोर्ट असलेल्या माणसाला शेजारच्या युरोपात सरावशिबिराला जायचे तरी व्हिसा लागे. शेंगेन देशांनी कोसोवोच्या नागरिकांना व्हिसामुक्त प्रवेश दिला तो १ जानेवारी २०२४ पासून. तोवर केल्मेंडीची सगळी कारकीर्द संपून गेली होती.

कुकाने मग गंगा उलटी वाहवली. मुली मोठ्या स्पर्धांत जिंकू लागल्या, तसे परदेशी संघच सरावासाठी पेयात येऊ लागले. पण ते नंतरचे. आधीची दहा वर्षे त्याच चार भिंती, तीच गादी आणि तोच प्रशिक्षक. या दहा वर्षांत सांगण्याजोगे नाट्य काही नाही, म्हणून वर्तमानपत्री लेखांत ती दोन वाक्यांत उरकली जातात. माझ्या मते या साऱ्या हकिगतीचा गाभा तिथेच आहे. आठ वर्षांच्या मुलीला पहिले पडणे ज्याने शिकवले, त्यानेच सतरा वर्षांनी ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत गादीच्या कडेला बसून तिला सूचना दिल्या. मधल्या काळात ना प्रशिक्षक बदलला, ना गाव. मोठमोठ्या रकमांची आमिषे दाखवून तिला आपल्याकडून खेळवायला दुसरे देश तयार होते, असे तिने नंतर सांगितले आहे. ती गेली नाही.

२००९ साली पॅरिसमध्ये ती ज्युनियर जगज्जेती झाली, तेव्हा युरोपातल्या जाणकारांनी तिचे नाव प्रथम टिपून ठेवले. ५२ किलो हा तिचा वजनगट. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने कोसोवोला सदस्यत्व दिले. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे दार मात्र बंद होते. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र खेळाडू म्हणून उतरण्याची परवानगी तिला नाकारण्यात आली. अखेर ती अल्बेनियाच्या नावावर खेळली. अल्बेनिया परका नव्हे, भाषा एकच. तरी ते तिचे घर नव्हते. मॉरिशसच्या क्रिस्तियान लजाँतिलकडून ती उपउपांत्यपूर्व फेरीतच हरली. त्या पराभवाचा संबंध झेंड्याशी जोडण्याचा मोह आवरलेला बरा. ज्युदोत एका क्षणाची चूक पुरते आणि एकवीस वर्षांच्या मुलीकडून चुका होतात.

पुढच्याच वर्षी रिओ दि जानेरोत जागतिक स्पर्धा झाली. अंतिम फेरीत तिच्यासमोर ब्राझीलची एरिका मिरांडा होती आणि सभागृह मिरांडाचे होते. केल्मेंडी जिंकली आणि कोसोवोच्या नावावर पहिले जागतिक अजिंक्यपद लागले.

मग आले २०१४चे चेल्याबिन्स्क. हा प्रसंग भारतीय वाचकाने नीट ध्यानात ठेवावा असा आहे, कारण पुढे त्याची तुलना दिल्लीशी करायची आहे. जागतिक स्पर्धा रशियात होती. रशिया म्हणजे सर्बियाचा सर्वांत खंबीर पाठीराखा, सुरक्षा परिषदेत कोसोवोच्या वाटेत नकाराधिकार घेऊन उभा असलेला देश. तेथे कोसोवोचा झेंडा लावू देणे शक्यच नव्हते. पण रशियाने केल्मेंडीला यायला मज्जाव केला नाही. ती आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाच्या झेंड्याखाली उतरली, अंतिम फेरीत रुमानियाच्या आंद्रेआ कित्सूला हरवून सलग दुसऱ्यांदा जगज्जेती झाली आणि पदकसमारंभात आपल्या देशाच्या राष्ट्रगीताऐवजी महासंघाची धून ऐकत उभी राहिली. अपमान म्हणावा तर होता. तरीही ती खेळली, जिंकली आणि जगाने ते पाहिले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने कोसोवोला पूर्ण सदस्यत्व दिले. तो निर्णय एका खेळाडूमुळे झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल; त्यामागे वर्षानुवर्षांचे राजनैतिक प्रयत्न होते. पण दोनदा जगज्जेती ठरलेल्या मुलीला तिच्या देशाच्या नावाने खेळू न देणे दिवसेंदिवस अवघड होत गेले असणार, हेही उघड आहे.

२०१६च्या रिओ ऑलिम्पिकच्या उद्घाटनात आठ खेळाडूंचे पथक घेऊन ती झेंडा हाती धरून चालली. दोन दिवसांनी, ७ ऑगस्टला, उपांत्य फेरीत तिने जपानच्या मिसातो नाकामुराला हरवले. अंतिम लढत इटलीच्या ओदेत्ते जुफ्रिदाशी झाली आणि ती निकालात निघाली अवघ्या एका ‘युको’वर. (युको म्हणजे ज्युदोतला सर्वांत लहान गुण. २०१७ साली तो नियमांतून काढून टाकण्यात आला आणि २०२५ मध्ये परत आणला गेला. नियमकर्त्यांनाही पडून उठण्याचा सराव असावा.) चार मिनिटे पकडीसाठी चाललेली ती झोंबाझोंबी होती, प्रेक्षकांना टाळ्या वाजवायला लावणारी नव्हती. पण तिच्या शेवटी कोसोवोचे राष्ट्रगीत ऑलिम्पिकमध्ये प्रथमच वाजले.

येथे ही गोष्ट संपली असती तर ती एका असामान्य मुलीची गोष्ट ठरली असती. ती तशी नाही, हे पाच वर्षांनी तोक्योत कळले. कोरोनामुळे लांबलेल्या त्या ऑलिम्पिकमध्ये २४ जुलै २०२१ रोजी, ज्युदोच्या पहिल्याच दिवशी, निप्पॉन बुदोकान सभागृहात ४८ किलो गटाच्या अंतिम फेरीत दिस्त्रिया क्रास्निचीने जपानच्या फुना तोनाकीला हरवले. एका वजनगटात एका देशाची एकच खेळाडू उतरू शकते. ५२ किलोत केल्मेंडी असल्याने क्रास्निची खालच्या गटात आली होती. दुसऱ्या दिवशी केल्मेंडी हंगेरीच्या रेका पुपकडून पहिल्याच लढतीत हरली. तिसऱ्या दिवशी नोरा ज्याकोवाने ५७ किलो गटात फ्रान्सच्या सारा-लेओनी सिझिकविरुद्ध सुवर्णपदक मिळवले. तिघीही पेयाच्या एकाच क्लबात वाढलेल्या. ज्या एकीवर देशाची सगळी मदार होती ती हरली आणि तरीही देशाने दोन सुवर्णपदके नेली. यालाच व्यवस्था म्हणतात. ती उभी करायला मंत्रालय लागले नाही, एक माणूस आणि वीस वर्षे लागली.

केल्मेंडीने त्याच वर्षी निवृत्ती घेतली आणि ती कुकाच्या शेजारी प्रशिक्षक म्हणून उभी राहिली. २०२४च्या पॅरिसमध्ये क्रास्निची, आता ५२ किलोत, उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवाकडून अंतिम फेरीत हरली आणि तिला रौप्य मिळाले. ६३ किलोत लॉरा फाझलिऊने कांस्य मिळवले.

आपल्याकडे काय आहे? मणिपूरची सुशीला देवी लिकमाबाम राष्ट्रकुल स्पर्धांत २०१४ आणि २०२२ साली रौप्यपदक विजेती. तोक्यो ऑलिम्पिकमध्ये ती एकटी भारतीय ज्युदोपटू होती आणि पहिल्या लढतीत हरली. मधल्या पडत्या काळात स्पर्धांच्या खर्चासाठी आपली मोटार विकावी लागल्याचे तिने सांगितले आहे. खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. साठ-सत्तर वर्षांत घराऐवजी मोटार आली, एवढाच फरक. पॅरिसमध्ये पुन्हा एकटी तूलिका मान होती. तिची पहिलीच गाठ क्यूबाच्या इदालिस ओर्तिसशी, चार ऑलिम्पिक पदके गाठीशी असलेल्या खेळाडूशी पडली आणि लढत अर्ध्या मिनिटाच्या आत संपली. खेळाडूला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दर्जाच्या जोडीदारांशी रोज झुंजल्याशिवाय ऑलिम्पिकच्या गादीवर पहिली तीस सेकंदे निभावणेही कठीण असते.

अंध व अंशतः दृष्टिहीन खेळाडूंच्या ज्युदोत मात्र कपिल परमारने २०२४च्या पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. या खेळातले भारताचे ते पहिलेच पॅरालिम्पिक पदक. आणि आशेची दुसरी जागा आहे लिंथोई चनंबम. इंफाळजवळच्या मायांग इंफाळची ही मुलगी ऑगस्ट २०२२ मध्ये सारायेवोत ५७ किलो गटात कॅडेट जगज्जेती झाली. कोणत्याही वयोगटात भारताला जागतिक ज्युदो पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ. मध्ये गुडघ्याच्या दुखापतीने तिला बराच काळ बाहेर बसवले. २०२५ मध्ये लिमाच्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत ६३ किलोत कांस्य घेऊन ती परतली. ती घडली कोठे? कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यातल्या विजयनगरच्या निवासी क्रीडासंस्थेत, मुंबईतल्या एका उद्योगसमूहाच्या पैशावर आणि मामुका किझिलाश्विली या जॉर्जियन प्रशिक्षकाच्या हाताखाली. पेयाचेच सूत्र इथेही दिसते, एक जागा आणि एक जाणता माणूस. फरक असा की पेयात तो माणूस त्याच गल्लीतला होता; आपल्याला तो करारावर आणावा लागला. करार संपले की असे प्रशिक्षक जातात आणि मागे उरलेल्या मुलींना पुन्हा नव्या हाताची सवय करावी लागते, हे भारतीय क्रीडाक्षेत्राने इतर खेळांतही अनुभवले आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, अडवणाऱ्यांकडे. नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीत महिलांची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा झाली. मेरी कोमने तिथे सहावे सुवर्ण जिंकले आणि ते कौतुकास्पदच होते. त्या जल्लोषात एक बातमी आतल्या पानांत राहिली. कोसोवोची मुष्टियोद्धी दोन्येता सादिकू हिला भारताने व्हिसा दिला नाही. ती आलीच नाही. त्याच सुमारास स्पेनमध्येही कोसोवोच्या खेळाडूंबाबत असाच वाद चालू होता आणि ऑलिम्पिक समितीने यजमान देशांना इशारे दिले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुलवामाच्या हल्ल्यानंतर, पाकिस्तानी नेमबाजांना दिल्लीच्या विश्वचषकासाठी व्हिसा न मिळाल्यावर समितीने भारताशी यजमानपदाबाबतची सारी बोलणी थांबवली. सर्व खेळाडूंना प्रवेश देण्याची हमी केंद्र सरकारने लेखी दिली, तेव्हा कुठे जून २०१९ मध्ये ती बंदी उठली.

कोसोवोला मान्यता न देण्यामागे भारताची कारणे आहेत आणि ती क्षुल्लक नाहीत. एकतर्फी फुटून निघालेल्या प्रदेशाला मान्यता दिली तर काश्मीरच्या संदर्भात तोच दाखला आपल्यावर उलटेल, ही भीती आहे. शिवाय बेलग्रेडशी अलिप्त राष्ट्रांच्या चळवळीपासूनचा स्नेह आहे. ही भूमिका बदलावी असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. प्रश्न एवढाच की मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरू पाहणाऱ्या एका मुलीच्या पासपोर्टवर शिक्का मारल्याने ती भूमिका ढळते का? रशियाची भूमिका आपल्याहून कितीतरी कठोर. तरी २०१४ साली रशियाने केल्मेंडीला येऊ दिले, झेंडा तेवढा काढून घेतला. चार वर्षांनी, कोसोवो ऑलिम्पिक कुटुंबाचा रीतसर सदस्य झाल्यानंतर, दिल्लीने दारच उघडले नाही. मान्यतेच्या मुद्द्यावर मॉस्कोहून मवाळ असलेली दिल्ली व्हिसाच्या खिडकीवर मॉस्कोहून ताठर ठरली. हे धोरणाने झाले की एखाद्या टेबलावरच्या सवयीने, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. दोन्हींपैकी कोणतेही उत्तर फारसे भूषणावह नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने २०३६च्या ऑलिम्पिकच्या यजमानपदासाठी इरादापत्र दिले आणि अहमदाबादचे नाव पुढे येत आहे. खेळांच्या अलीकडच्या वेळापत्रकात ज्युदो उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी सुरू होतो आणि महिलांचा ४८ किलो गट त्यात सर्वांत आधी असतो. तोक्योत त्या पहिल्या दिवशी कोसोवोचा निळा झेंडा मधल्या खांबावर चढला होता. पेयाच्या त्या क्लबात आज ज्या आठ-नऊ वर्षांच्या मुली गादीवर थाप मारून पडायला शिकत आहेत, त्या २०३६ साली विशीच्या उंबरठ्यावर असतील. त्यांच्या व्हिसाच्या अर्जावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्या ‘कोसोवो’ असे लिहितील, तेव्हा तो अर्ज स्वीकारायचा कसा, हे साउथ ब्लॉकला यजमानपदाच्या करारावर सही करण्यापूर्वीच ठरवावे लागेल.